विष्णू माधव घाटगे

विष्णू माधव घाटगे (जन्म : हसूरचंपू, गडहिंग्लज तालुका, कोल्हापूर जिल्हा, २४ ऑक्टोबर १९०८, मृत्यू : ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय विमानशास्त्रज्ञ होते. एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला.

जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. 

गटिंगेनची ख्याती तेथील वातविवरांमुळेही होती. वातविवरात (विंड टनेल) विमानाची प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून हवा सोडतात व तिच्यावरील बले मोजतात. खुल्या वातविवरात हवा बाहेरून आत ओढली जाते व पुन्हा बाहेर सोडली जाते. ते बांधण्यास स्वस्त असते, पण बाहेरचे वारे मोजमापात ढवळाढवळ करतात. बंद वातविवरात तीच हवा फिरत राहते. कोपऱ्यांवरील पात्यांमुळे ती शांतपणे वळते आणि शक्तीही कमी लागते. प्रांट्ल यांनी १९०८ च्या सुमारास असे वातविवर उभारले. तरीही खरी अडचण प्रतिकृतीच्या आकाराची असते. दहापट लहान प्रतिकृतीवर त्याच वेगाची हवा सोडली, तर रेनल्ड्स अंक दहापट कमी भरतो. त्यामुळे पंखावरील हवा खऱ्या उड्डाणापेक्षा वेगळ्या रीतीने वागते. हवेवरील दाब वाढवणे हा त्यावरचा एक उपाय. अमेरिकेत १९२३ साली मॅक्स मुंक यांच्या कल्पनेतून दाबयुक्त वातविवर सुरू झाले. मुंक हेही प्रांट्ल यांचेच विद्यार्थी.

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. घाटगे तेथे अभिकल्पक झाले. युद्धकाळात विमानांच्या दुरुस्तीचेच काम मुख्य होते. स्वतःचे विमान आखायचे, तर अभियंते आणि प्रयोगसाधने दोन्ही देशातच घडवावी लागणार होती. १९४२ साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला व त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. तेथे पुढे ५ × ७ फूट छेदाचे बंद वातविवर उभे राहिले. १४ × ९ फुटांचे मोठे खुले वातविवर नंतर, ऑस्कर टीटजेन्स या प्रांट्ल यांच्याच आणखी एका शिष्याच्या काळात झाले.

संपूर्ण धातूचे, दोन आसनी एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतीय हवाई दलाने ते प्रशिक्षणासाठी वापरले. घानालाही ते विकण्यात आले. मारुत या लढाऊ विमानाचे श्रेय कुर्ट टँक यांना दिले जाते, मात्र किरण हे जेट प्रशिक्षण विमान घाटगे यांच्याच चमूने साकारले. त्याचे पहिले उड्डाण १९६४ साली झाले. पुढील वर्षी घाटगे यांना पद्मश्री देण्यात आली.