वाल्डेमार हाफकिन : एका चिमट्याने पालटलेले आयुष्य

मुंबईला परळच्या बाजूला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हाफकिन इन्स्टिट्यूट पाहिली असेल. निदान लहान बाळांना पाजल्या जाणाऱ्या पोलिओच्या थेंबांमुळे हे नाव कानावरून गेले असेल. ही संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते हाफकिन कोण होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. प्लेगवरची लस त्यांनी मुंबईत तयार केली. लाखो लोकांनी ती टोचून घेतली. आणि एका खेड्यात एक चिमटा नीट निर्जंतुक झाला नाही, म्हणून याच माणसाला कित्येक वर्षे अपमान सोसावा लागला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हाफकिन पुढे झाले आणि त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकाची जागा मिळाली असती, पण त्यांनी ते नाकारले. देश सोडून ते आधी जिनिव्हाला गेले व नंतर पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले. तेथे सुरुवातीला त्यांना ग्रंथालयातले काम मिळाले. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करीत.

कॉलऱ्यावरची लस त्यांनी याच संस्थेत तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, ते कलकत्त्यास आले. वस्त्यावस्त्यांतून आणि चहाच्या मळ्यांतून फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. लोक घाबरत, काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही आले. अशा वेळी ते लोकांसमोर आधी स्वतः सुई टोचून घेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. लोक घरेदारे टाकून गावाकडे पळू लागले आणि रेल्वेच्या वाटेने हा रोग पुण्यात, नाशकात आणि खेड्यापाड्यांत पोहोचला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १८९७ साली स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. आपल्या नाशिकजवळच्या भगूर गावात सावरकर बंधूंचे वडील आणि काका १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. आपल्या भागातील कितीतरी घरांत अशा आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. त्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागतो. येथील लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन त्यांनी गाईचे किंवा डुकराचे मांस टाळले आणि बकऱ्याचे वापरले. रसावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या तुपाला धरून जंतू झुंबरासारखे खाली वाढत. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे व त्यांची लस करायची. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण काम थांबले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपणहून तयार झाले त्यांना ती टोचण्यात आली.

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी त्यांनी घराघरातील निम्म्या माणसांना लस दिली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. लशीचा उपयोग किती, हे यावरून दिसून आले. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन लोकांना धीर दिला आणि कामासाठी आपली वास्तूही दिली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये हलवण्यात आली. ही वास्तू मुळात मठ आणि चर्च होती, हे आपल्याला विशेष वाटेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती येशूसंघीय धर्मगुरूंकडून काढून घेतली होती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग फार पसरला व तेथील सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम काढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांतील काहींचे जबडे घट्ट मिटू लागले व शरीर धनुष्यासारखे वाकू लागले. तो धनुर्वात होता. १९ जण मेले. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नव्हते.

चौकशी समिती नेमली गेली. परळच्या प्रयोगशाळेत लस कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेने निर्जंतुक करण्याची नवी पद्धत हाफकिन यांनी सुरू केली होती. पॅरिसला हीच पद्धत आधीपासून वापरात होती, पण इंग्रज अधिकाऱ्यांना ती नवीन होती. बाटली परळलाच दूषित झाली असा ठपका ठेवून हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक चौकशीतच एक साक्ष पुढे आली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला. सहाय्यकाने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरासा हलवला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. जमिनीच्या मातीत, विशेषतः जनावरांचे शेण पडते तेथे, धनुर्वाताचे जंतू असतात. या जंतूंची बीजे टणक कवचाची असतात. क्षणभर औषधात बुचकळून ती मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर चांगला तापवून घ्यायला हवा होता.

मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. विष आत तयार झाले असते तर इतक्या दिवसांत ते भरपूर साचले असते, बाटलीला दुर्गंधी आली असती आणि माणसे आठवडाभराने नव्हे तर लवकर आजारी पडली असती. तशी दुर्गंधी कुणाला आली नव्हती. म्हणजे जंतू बाटली उघडताना आत गेले. जुलै १९०७ मध्ये रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन निर्दोष आहेत असे जाहीर केले. मग सरकारने त्यांना परत कामावर घेतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. नव्या लशींचे प्रयोग माणसांवर करण्याची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांनी लग्न केले नव्हते. शेवटची वर्षे त्यांनी धर्माचरणात घालवली आणि आपली मिळकत ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

प्रिय वाचकहो, मुल्कोवालच्या त्या सहाय्यकाच्या मनात काही वाईट नव्हते. चिमटा पडला, त्याने तो धुतला आणि आता तो स्वच्छ झाला असे त्याला वाटले. अशी समजूत आपल्यापैकी कुणाचीही होऊ शकते. आपल्यातील कित्येकांच्या घरी परिचारिका, लॅबमध्ये किंवा दवाखान्यात काम करणारी मुले-मुली आहेत. त्यांना हे ठाऊक असतेच, पण इतरांनीही समजून घ्यावे.

स्वच्छ दिसणे निराळे आणि निर्जंतुक असणे निराळे. शस्त्रक्रियेची हत्यारे आधी साबणाच्या पाण्याने घासून, रक्ताचा अंशही न ठेवता धुवावी लागतात, कारण घाणीखाली वाफ किंवा औषध पोहोचत नाही. त्यानंतर ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, साधारण १२१ अंश सेल्सिअसला १५ ते ३० मिनिटे ठेवावी लागतात. नुसत्या उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताची बीजे त्यातून वाचू शकतात. जंतुनाशक द्रावणही नेमून दिलेल्या प्रमाणात व नेमून दिलेला वेळ वापरले तरच काम करते. निर्जंतुक केलेली वस्तू जमिनीवर पडली तर ती पुन्हा निर्जंतुक करावी, नाहीतर बाजूला टाकावी. तेथे घाई चालत नाही.

घरातही एवढे पाळता येईल. सुई टोचून घेताना नवी सिरिंज आपल्यासमोर फोडलेली आहे ना, हे पाहावे. विचारायला संकोच करू नये. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. साखर तपासण्याची सुई एकाच्या बोटाला लावलेली दुसऱ्याला लावू नये. दम्याच्या रुग्णाच्या वाफेच्या यंत्राचा मास्क व कप प्रत्येक वापरानंतर धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवावा. आणि मातीत लोळणाऱ्या मुलांचे धनुर्वाताचे डोस चुकवू नयेत.

हाफकिन यांच्यावरचा ठपका उशिरा का होईना पुसला गेला. त्या १९ घरांतली माणसे मात्र परत आली नाहीत. ज्यांच्या हातात रोज चिमटा, सुई आणि कात्री असते, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करूया. त्यांनी थोडा जास्त वेळ घेतला तर दवाखान्याच्या रांगेत कुरकुर न करता थांबूया.