मालवणच्या गुरूंची शिष्या

एखाद्या स्त्रीला विद्यापीठाचे कुलगुरुपद लाभले की तिच्या कर्तृत्वावर शिक्कामोर्तब झाले, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. इरावती कर्वे यांच्या बाबतीत मात्र ही मोजपट्टी अपुरी ठरते. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या १९३१ ते १९३६ पर्यंत रजिस्ट्रार होत्या; पुढे काही काळ हंगामी कुलगुरूही झाल्या. परंतु ही पदे त्यांच्या चरित्रात ओझरतीच येतात. त्यांचे खरे मोठेपण गुरूचा निष्कर्ष पुराव्यावर घासून पाहण्याच्या, आणि प्रसंगी नाकारण्याच्या, धैर्यात होते.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये पदवीधर झाल्यावर तिने मुंबईस समाजशास्त्र विभागात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली अभ्यास आरंभिला. घुर्ये मूळचे मालवणचे. समुद्रकाठच्या त्या लहानशा गावातून केंब्रिजपर्यंत जाऊन आलेल्या या करड्या शिस्तीच्या अध्यापकाने भारतीय समाजशास्त्राची एक पिढी घडविली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये इरावतीबाईंनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला.

त्याच वर्षी त्या बर्लिनला निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते; पती दिनकरराव मात्र ठाम राहिले आणि जीवराज मेहता यांनी कर्जाऊ दिलेल्या पैशांवर प्रवास घडला. (सुधारकाच्या घरातही सुधारणेची कसोटी अशी उंबरठ्यावरच लागते.) बर्लिनमधील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते, पुढे नाझी राजवटीने त्यांच्याच विचारांचा आधार घेतला. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध शोधण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले. कवट्या मोजून झाल्यावर तसा संबंध दिसत नाही, हेच त्यांनी प्रबंधात नमूद केले. परक्या देशात, परीक्षक स्वतः फिशर असताना, हे लिहिणे सोपे नव्हते.

१९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. सांकलियांसमवेत गुजरातेत लांघणज येथील उत्खननात त्या होत्या, वि. म. दांडेकरांसमवेत महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनांचा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये सिद्ध केला. बर्लिनचा सिद्धान्त टाकला तरी मोजपट्टी त्यांनी टाकली नाही, ही त्यांच्या कार्याची मर्यादा आज ठळकपणे जाणवते. तथापि त्याच मापनांतून त्यांचा सर्वांत महत्त्वाचा विचार निघाला. एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या, हे मत घुर्ये यांच्यासह अनेकांना मान्य होते. इरावतीबाईंनी ते उलटे केले. आपसांतच लग्ने करणारे निरनिराळे समूह मुळातच वेगळे होते; समान धंद्यामुळे त्यांना एकच नाव पडले, असे त्यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रातील कुंभार हे त्यांचे आवडते उदाहरण. चित्पावन, कऱ्हाडे, देवरुखे आणि सारस्वत शेजारी नांदत असलेल्या कोकणच्या माणसाला तर हे म्हणणे पटण्यास ग्रंथाची फारशी गरज पडू नये.

‘युगान्त’मुळे त्या घरोघरी पोहोचल्या, १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोयना धरणाने उठविलेल्या माणसांची पाहणी मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली ही पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुनर्वसनाचे प्रश्न आजही धुमसत असताना ती चाळावयास हवी.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागातील संग्रहालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्याशी त्यांनी वाद घातला ते मालवणचे गुरू त्यांच्यामागे आणखी तेरा वर्षे हयात होते.