सी. रामचंद्र : दोन नावांचा एक कलावंत

अमेरिकेच्या दक्षिण भागात १९५४-५५ च्या सुमारास गोऱ्या खेडुतांची गाणी आणि काळ्यांचे ब्लूज यांचा संसार जुळला व त्यातून रॉकॅबिली नावाचे धसमुसळे संगीत जन्मास आले. बिल हेली, एल्विस प्रेस्ली ही नावे पाश्चात्त्य संगीताच्या शौकिनांना ठाऊक असतात. परंतु देशी ठेका आणि शहरी बँड यांची अशीच सोयरीक त्याच्याही आधी एका मराठी माणसाने मुंबईत जुळवून दिली होती.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी गोदाकाठच्या पुणतांब्याचा. म्हणजे चांगदेवांच्या समाधीच्या गावचा! पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरास शंकरराव सप्र्यांकडे त्यांनी रीतसर गाणे शिकून घेतले. पुढे त्यांना सिनेमाचे वेड लागले. ‘नागानंद’मध्ये नायकाची भूमिका मिळाली, पण चित्रपट आपटला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि हार्मोनियमची साथ, असा उमेदवारीचा काळ गेला. संगीतकार म्हणून पहिली संधी तमिळ चित्रपटांनी दिली. हिंदीत त्यांना आणले ते मित्र भगवान पालव यांनी, ‘सुखी जीवन’मधून (१९४२).

१९४७ च्या ‘शहनाई’ने त्यांचे नाव घरोघर पोचले. शिट्टी, ट्रंपेट, गिटार असली वाद्ये आणि जिभेवर सहज बसणारी चाल. नाके मुरडणारेही होते. तथापि हा मनुष्य अडाणी नव्हता. बंदिशी पचवलेला होता, हे टीकाकार विसरत.

‘अलबेला’ (१९५१) हा त्यांचा खरा पराक्रम. पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आणि गीता बाली, वाद्यवृंदात आल्दोन्याचा गोवेकर ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. भगवानच्या तोंडी ऐकू येणारा पुरुषी आवाज खुद्द संगीतकाराचाच! तबकडीवर गायक म्हणून ‘चितळकर’ आणि संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’. ही दोन नावे एकाच इसमाची हे कित्येकांच्या गावीही नसे. (आरंभी ते राम चितळकर होते, काही चित्रपटांत अण्णासाहेबही झाले.)

भगवानचा तो नाच मात्र विलायती नव्हे. आमच्या थळच्या कोळीवाड्यात हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला की वयस्क मंडळीसुद्धा खांदे उडवीत, कंबर किंचित हलवीत जी पावले टाकतात, तीच ती पावले. म्हणूनच त्या चालींना बोंगो काय आणि ढोलकी काय, काहीही शोभते.

१९५३ साली ‘अनारकली’ आला आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. बागेश्रीच्या छायेतील ती गाणी ऐकून, हाच का तो शिट्टीवाला, असे वाटावे. १९५७ च्या ‘आशा’मध्ये त्यांनी थेट रॉक अँड रोल आणले, ‘ईना मीना डीका’ एकदा किशोरकुमारने व एकदा आशाबाईंनी गायिले. मुलांच्या खेळातल्यासारख्या त्या निरर्थक शब्दांत कोकणीचाही तुकडा येऊन बसला आहे! माझ्या मते हे गाणे त्यांच्या कोणत्याही गंभीर रचनेपेक्षा हलके नाही. लोकांना हसत नाचवणे हे कमी कष्टाचे काम नव्हे.

त्यानंतर मात्र ओहोटी लागली. नवे संगीतकार पुढे आले, लताबाईंशीही अंतर पडले होते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धातील हुतात्म्यांसाठी कवी प्रदीप यांचे गीत लताबाईंनी अण्णांच्या चालीत गायिले. समोर पंडित नेहरू होते आणि त्यांचे डोळे पाणावले. आज शाळाशाळांतून अण्णांची आठवण होते ती या एका गाण्यामुळे. ‘अलबेला’चा संगीतकार तोच, हे सांगावे लागते.

मराठीत त्यांनी गदिमांचे ‘गीतगोपाल’ स्वरबद्ध केले, ‘घरकुल’ला संगीत दिले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र १९७७ साली निघाले. त्यात ते स्वतःविषयी आणि इतरांविषयीही फारसे हातचे राखून लिहीत नाहीत. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.