साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे : लेखणीचे उत्तरदायित्व

नांदेड-लातूरच्या गावोगावी १ ऑगस्टला अण्णा भाऊंची मिरवणूक निघते. प्रतिमेला हार पडतात, भाषणे होतात. ‘फकिरा’ वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. म्हणून येथे त्यांच्या लेखणीविषयीच लिहितो.

सांगली जिल्ह्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात १९२० साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. शाळेचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. पुढे मुंबईच्या श्रमिक वस्त्यांत हमाली, गिरणीकाम करीत ते घडले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात गणपतीचे स्तवन करण्याचा प्रघात होता. अण्णा भाऊंनी ते वगळून मायभूमी, हुतात्मे व कष्टकरी यांना वंदन केले. कलावंताने प्रथम कोणापुढे वाकावे, हा प्रश्न त्यांनी असा रंगमंचावरच निकाली काढला.

‘स्मशानातील सोनं’ ही कथा विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा चितेच्या राखेत सोन्याचे कण शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. पण दगड फोडणारे हात आता निकामी झालेले असतात. लेखक भीमाची कीव करीत नाही, त्याला दोषीही ठरवीत नाही. दारिद्र्यावर अश्रू ढाळणारे साहित्य मराठीत पुष्कळ आहे. श्रमाची किंमत इतक्या कठोरपणे मांडणारे साहित्य, माझ्या मते, थोडे.

मार्च १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्‌घाटक अण्णा भाऊच होते. हे जग दलित-श्रमिकांच्या बळावर उभे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढल्याच वर्षी ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. मार्क्सवादी विचारांच्या या लेखकाने ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. अण्णा भाऊंना एकाच झेंड्याखाली उभे करू पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना ही अर्पणपत्रिका अडचणीची वाटते. १९६१ मध्ये या कादंबरीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, तरी लेखकाचा संसार दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच राहिला. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. लेखकाचे समाजाप्रती कर्तव्य सांगणाऱ्या समाजाने आपल्या कर्तव्याचा हिशोब मात्र फारसा ठेवला नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून आपल्या भागात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. बाबासाहेबांच्या नावासाठी प्राण देणारे पोचिरामही अण्णा भाऊंप्रमाणे मातंग समाजातलेच होते.