कै. ताराबाई मोडक

मंडळाच्या भगिनींनी स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी ज्यांच्या कामाचा उपयोग उंद्रीच्या लेकरांना आज होत आहे, त्या कै. ताराबाई मोडकांविषयी लिहावेसे वाटले. लहान मुले सांभाळावयास शिकावे काय लागते, असे आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात. ताराबाईंनी सारे आयुष्य हेच शिकण्यात आणि शिकविण्यात घालविले.

त्यांचा जन्म १८९२ सालचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. त्या काळी अशा घराला लोकांनी काय काय ऐकविले असेल, ते सांगावयास नको. १९१४ साली ताराबाई बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीस आल्या, म्हणजे काही वर्षे त्या आपल्या वऱ्हाडच्याच! पुढे संसार टिकला नाही. मग राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. अशी मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. बी. ए. झालेली बाई तीन-चार वर्षांच्या पोरांत जाऊन बसते, हे मला तरी मोठे धाडस वाटते.

गिजुभाईंनी माँटेसोरीबाईंची पद्धत आपल्याकडे रुजविली. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे मुलांबरोबर शिक्षिकाही तयार होत. पण ही शहरातली मुले. खेड्यातल्या गरिबांच्या मुलांचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच विधवा झालेल्या आणि नोकरी करून रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतील मुले येईनात. आया मजुरीला जात, थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहणार. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या, आणि घरापुढच्या अंगणात शाळा भरली. तीच अंगणवाडी. आधी तोंड धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी. महागडी साधने कोठून आणणार? खडे, शिंपले, बिया, पाने यांवरच मोजणे आणि रंग ओळखणे चाले.

याच कामातून खेड्यातल्या बालसेविकांचे शिक्षण उभे राहिले. मूल का रडते, का मोडतोड करते, न मारता त्याला कसे वळवावे, हे पाठ करून येत नाही. मुलांत बसूनच शिकावे लागते. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, अनुताईंनी काम चालविले.

१९७५ साली सरकारने बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आता सेविका प्रशिक्षण घेते, मुलांची वजने करते, नोंदी ठेवते, गरोदर बायांकडे जाते. तरी कित्येकजण तिला खिचडीवाली बाई म्हणतात, हे मला खटकते. आणि एवढे शिकूनही तिच्या हाती पडते ते मानधन. त्याला पगार म्हणत नाहीत.