रविवारच्या चहातले माधवराव

बडोद्यात मराठी कवितेचा विषय निघाला, की राजकवी चंद्रशेखरांचे नाव आधी येते आणि मागोमाग राजकवी यशवंतांचे. एक नाव मात्र राहून जाते, आणि ते तर याच गावात जन्मलेल्या माणसाचे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास जन्मले. पुढे ते पुण्याचे आणि कोल्हापूरचे झाले, म्हणून आपण त्यांना विसरावे हे काही बरे नव्हे.

माझी त्यांची ओळख कवितेतून झाली नाही, तबल्यातून झाली. माझे वडील अगदी कोवळ्या वयात कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीला लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा बाहेर पडले. मी त्यांच्या उतारवयातला. त्यांच्या ट्रंकेत बोलांच्या वह्यांखाली 'छंदोरचना' हा जाडजूड ग्रंथ होता आणि त्याच्या समासात शिसपेन्सिलीने मात्रांच्या खुणा केलेल्या होत्या. कवितेच्या पुस्तकावर तबलजी खुणा कशाला करील, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नाही.

माधवरावांनी फार्सी आणि इंग्रजी घेऊन एम.ए. केले आणि १९१८ पासून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवू लागले. त्याच पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमले. आज हे नाव पाठ्यपुस्तकापुरते उरले आहे. पण मूळ प्रकार अगदी घरगुती होता. रविवारी चारसहा जणांनी चहाच्या निमित्ताने एकत्र यावे, नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवाव्यात, त्यांवर बोलावे, वाद घालावा आणि टिकतील त्या पुस्तकात घ्याव्यात. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, यशवंत, गिरीश, विठ्ठल दत्तात्रेय घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, माडखोलकर अशी ही मंडळी. घोळक्यात बाई एकट्या मनोरमाबाई, तेव्हा सप्तर्षी आणि अरुंधती अशी त्यांची थट्टाही झाली. 'किरण' हे मंडळाचे पहिले पुस्तक त्याच वर्षी निघाले. पुढच्या वर्षी घाटे आणि माधवराव यांचे 'मधु-माधव' आले.

स्वतःची कविता दुसऱ्यापुढे ठेवून त्याचे मत ऐकत बसणे किती जड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. आमच्या धंद्यात ते सोपे असते. शिष्याचा स्वर उतरला की गुरू तिथल्या तिथे थांबवतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. कवींच्या मंडळात कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही, सगळे बरोबरीचे. तिथे चूक दाखवायची म्हणजे मैत्री पणाला लावायची. शिवाय दर रविवारी तीच माणसे एकमेकांना ऐकू लागली, की त्यांच्या लकबी एकमेकांना लागतात. या मंडळाचेही तसे झाले, असे मला वाटते. बाहेरच्यांना ते ताबडतोब दिसले. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली, त्यांतल्या विडंबनांचा बराच रोख या मंडळींवर होता. महाराष्ट्र पोट धरून हसला. घरातल्या आठ जणांना जे सांगता आले नाही, ते बाहेरच्या एकाने सांगितले.

माधवरावांचा स्वतःचा मार्ग या सुमारास फार खडतर झाला. खाजगी आयुष्यावरून उठलेल्या वादळात त्यांना पुण्याची प्राध्यापकी सोडावी लागली. मधल्या काळात हाताला स्थिर काम नव्हते. पण लेखणी थांबली नाही. १९२५ साली फार्सी-मराठी कोश, १९२६ साली 'विरहतरंग', १९२७ साली 'छंदोरचने'ची पहिली आवृत्ती. १९२८ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते स्थिरावले. लीलाबाईंशी त्यांचा संसार अकरा वर्षांचा झाला. त्या संसाराची हकीकत लीलाबाईंनी पुढे 'आमची अकरा वर्षे' या पुस्तकात लिहिली. मराठीत इतक्या मोकळेपणाने लिहिलेल्या आठवणी थोड्या आहेत. ज्यांना कवी कळून घ्यायचा आहे त्यांनी त्या आधी वाचाव्यात.

उमर खय्यामने त्यांना जन्मभर सोडले नाही. १९२९ साली मूळ फार्सीवरून रुबाया, १९३१ साली फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या', आणि मृत्यूनंतर १९४० साली निघालेली 'मधुलहरी'. एकच चीज माणूस तीन वेळा बांधतो, तेव्हा त्याला ती पुरती सापडलेली नसते. १९३३ च्या 'गज्जलांजली'ने फार्सी गझलेची वृत्ते मराठीत आणली. त्यांतल्या पुष्कळ रचना सलग एका भावाच्या कविता आहेत. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहण्याची शिस्त मराठीत रुजली ती पुढे सुरेश भटांच्या हातून. पण दार उघडले माधवरावांनी. आणि याच फार्सीच्या पंडिताने नंतर भाषाशुद्धीचा ध्यास घेतला, आपल्याच जुन्या कवितांतले फार्सी-अरबी शब्द उपटून तिथे संस्कृत शब्द बसवले. १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मला हे कधीच पटलेले नाही. त्यांच्या कानाने जो शब्द एकदा निवडला, तो त्यांच्या मताने नंतर काढून टाकला. कान खरा होता.

आता समासातल्या त्या खुणांविषयी. 'छंदोरचने'त माधवरावांनी मराठी पद्याचे तीन वर्ग केले: अक्षरे मोजायची तो छंद, मात्रा मोजायच्या ती जाति आणि लघुगुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त. जातींत मात्रांची आवर्तने कशी पडतात ते त्यांनी दाखवले आणि आवर्तनांना नावे दिली. भुंग्याला सहा पाय, म्हणून सहा मात्रांची ती भृंगावर्तनी. अग्नीला सात जिभा, म्हणून सातांची अग्न्यावर्तनी. कमळाला आठ पाकळ्या, म्हणून आठांची पद्मावर्तनी. शंकराला पाच मुखे, म्हणून पाचांची हरावर्तनी. वडिलांनी समासात लिहिले होते: दादरा, रूपक, केरवा आणि अर्धा झपताल. तबलजीला एवढे पुरे होते. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना मिळाले, १९३७ साली ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि १९३८ साली तिच्यावर मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. मराठीत ती पहिली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. १९४० साली त्यांचे रविवारचे सोबती यशवंत बडोद्याचे राजकवी झाले.

यशवंत आणि गिरीश आपल्या कविता गावोगाव गाऊन दाखवीत. काव्यगायनाने कविता घरोघर पोचली हे खरेच. पण गळा मोठा लबाड असतो, हे गाणाऱ्यालाच ठाऊक. ओळीत एक मात्रा कमी पडली तर गाणारा आकार लांबवून ती भरून काढतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हे मी केलेले आहे. आमच्याकडे महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी, आठदहा जण जमतात. त्यांतल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी आपली कविता मला चाल लावून गायला दिली. केरव्यात सरळ चालणारी कविता. तिसऱ्या ओळीत मात्र सातच मात्रा. सांगू की नको, असे करता करता मी नाही सांगितले. एक स्वर लांबवला आणि समेवर आलो. सगळ्यांनी वाहवा केली. कविता तशीच स्मरणिकेत छापली गेली आणि कोणा वाचणाऱ्याने ती ओळ अडखळते असे त्यांना कळवले. ते स्मरणिका घेऊन माझ्या घरी आले. तुम्हांला ठाऊक होते का, एवढेच त्यांनी विचारले. ठाऊक होते, असे मी म्हणालो. त्यांनी चहा घेतला नाही.

पुढच्या शनिवारी मी वडिलांची 'छंदोरचना' बरोबर नेली. त्यांनी पाने उलटली, समासातल्या खुणा पाहिल्या, बोटांवर मात्रा मोजल्या आणि ओळ बदलली. बदललेली ओळ मात्रेत चोख होती; पण तिच्यातला एक चांगला शब्द गेला होता. या खेपेस मी तेही सांगितले. तेव्हापासून आमचे बोलणे जरा बेताचेच आहे. मात्र नवी कविता ते अजून माझ्याकडेच आधी पाठवतात.