स्पीकरमध्ये चक्क वाळू भरणारा गडी, ज्याने व्हार्फडेल कंपनी उभी केली

स्वयंपाकघरातला रिकामा पत्र्याचा डबा बोटांनी वाजवून बघा. ठण्णकन आवाज येतो. आता त्यात तांदूळ भरा आणि परत वाजवा. नुसतं ठप्प.

बस्स, एवढ्याशा गोष्टीत चांगल्या स्पीकरचं एक मोठं गुपित दडलंय. हे गुपित घराघरात पोचवणाऱ्या माणसांत एक नाव पुढे होतं, गिल्बर्ट ब्रिग्ज.

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला. जवळचं मोठं शहर म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं ब्रॅडफोर्ड. ब्रिग्जही बरीच वर्षं कापडाच्याच धंद्यात होते. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. वेड होतं ते पियानोचं. खरा पियानो कसा वाजतो हे कानात पक्कं बसलेलं, त्यामुळे त्या काळच्या रेडिओतून येणारा घोगरा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही.

मग स्वतःच स्पीकर बनवायचं ठरलं. १९३२ साली, चाळिशी ओलांडल्यावर, इल्कली गावातल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला स्पीकर तयार केला. गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यात, म्हणून कंपनीचं नाव पडलं व्हार्फडेल. लवकरच ब्रॅडफोर्डच्या रेडिओ हौशी मंडळींच्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरने बक्षीस मारलं आणि धंदा तळघरातून कारखान्यात गेला.

पण खरी गंमत पुढे आहे.

स्पीकरचा कोन पुढे-मागे हलतो आणि हवेला धक्के देतो, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. पण कोन जेवढा जोर पुढे लावतो, तेवढाच जोर मागे चौकटीवर आणि खोक्यावर येतो. खोकं हलक्या, पातळ लाकडाचं असेल तर तेही थरथरतं आणि स्वतःचा आवाज मिसळतं. तबला, पियानो, माणसाचा गळा, सगळ्यावर त्या लाकडाची एक घूंऽऽ चढते.

यावर ब्रिग्ज यांचा उपाय एकदम देशी वाटावा असा होता. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्यायच्या आणि मधल्या फटीत कोरडी वाळू ठासून भरायची. याने दोन कामं होतात. वजन वाढल्यामुळे फळी सहजासहजी हलत नाही. आणि हललीच, तर वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ताकद उष्णता होऊन तिथेच जिरते. नुसत्या जाड लाकडाला हे दुसरं काम एवढं जमत नाही.

१९५० च्या दशकात व्हार्फडेलने असे वाळू भरलेले स्पीकर बाजारातही आणले. ब्रिग्ज यांनी तर खोलीच्या कोपऱ्यात विटांची भिंत बांधून त्यात स्पीकर बसवण्याचाही मार्ग सांगितला. वीट कशाला थरथरतेय!

हे सगळं त्यांनी लपवून ठेवलं नाही. १९४८ पासून त्यांनी सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत पुस्तकांवर पुस्तकं लिहिली. ती वाचून हौशी लोक घरी स्पीकर बनवू लागले.

मग आली खरी परीक्षा. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, हजारो लोकांसमोर, स्टेजवर वादक खरोखर वाजवणार आणि मग त्याचं रेकॉर्डिंग स्पीकरमधून ऐकवणार. फरक कळला तर तो भर सभेत कळणार. अ‍ॅम्प्लिफायरची बाजू क्वाडचे पीटर वॉकर सांभाळत होते. प्रयोग इतका गाजला की पुढच्याच वर्षी ब्रिग्ज न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोचले.

१९५८ मध्ये त्यांनी कंपनी रँक समूहाला विकली, १९६५ च्या सुमारास निवृत्त झाले आणि १९७८ मध्ये गेले. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या रेमंड कुक यांनी पुढे केईएफ ही नामांकित स्पीकर कंपनी काढली.

आज वाळूची जागा जाड एमडीएफ, आतल्या आडव्या पट्ट्या आणि डांबरी शीटनी घेतलीय. पण परीक्षा तीच. घरच्या स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. ठप्प आवाज आला तर उत्तम. ढोलासारखा घुमला, तर गाणं सुरू असताना ते खोकंही सोबत गातंय असं समजा.

गाणं गायकाने गायचं असतं, खोक्याने गप्प बसायचं असतं. ब्रिग्ज यांनी आयुष्यभर तेवढंच साधायचा प्रयत्न केला.